मुलांना लुडबुड करू द्या

मे महिन्याची सुट्टी लागली की तरुण आईबापांमध्ये दरवर्षी तोच वाद पेटतो. एका बाजूचे म्हणतात, तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभर गुंतवायचं तर रोज काहीतरी नवं हवं: रंगवलेल्या तांदळाचा ट्रे, कापसाचे ढग, आकड्यांची फ्लॅशकार्डं, बर्फात गोठवलेले प्लास्टिकचे प्राणी. नाहीतर पोर मोबाईल मागणारच. दुसऱ्या बाजूचे वैतागून विचारतात, आम्ही मातीत लोळून मोठे झालो, आम्हाला कुणी ट्रे मांडून दिले होते? मग पहिले दुसऱ्यांना बेफिकीर ठरवतात आणि दुसरे पहिल्यांना हौशी. मुलाच्या हातात काय द्यायचं यावर एवढं भांडण होतं, पण घरातली मोठी माणसं काही करत असतात तेव्हा मूल कुठे असतं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. दोन ते सहा या वयातल्या मुलासाठी शिकण्याची सगळ्यात समृद्ध जागा म्हणजे घरातलं रोजचं खरं काम. त्या कामातला एक खरा वाटा त्याला मिळाला आणि तो करताना कुणी त्याच्याशी बोलत राहिलं, तर वेगळ्या मांडलेल्या ॲक्टिव्हिटी ताटातल्या लोणच्याइतक्याच लागतात. मात्र हा वाटा द्यायला लागणारा वेळ एकट्या आईकडूनच काढायचा असेल, तर हा सगळा उपदेश तिच्यावरचा नवा बोजा ठरतो. म्हणून हा प्रश्न घरातला असला तरी सार्वजनिकही आहे.

ॲक्टिव्हिटी मांडणाऱ्या पालकांची बाजू आधी नीट ऐकायला हवी, कारण ती हलकी नाही. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. हे वाचल्यावर कुठल्या आईबापाला स्वस्थ बसवेल? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वयात दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. मग उरलेल्या जागेपणीच्या तासांचं काय करायचं? आजी-आजोबा गावी, खाली अंगणाच्या जागी पार्किंग, शेजारचं दार बंद. डोंबिवलीच्या किंवा वाकडच्या दोन खोल्यांत हा प्रश्न त्या दोघांनाच सोडवायचा असतो. अशा वेळी कुणीतरी तयार कल्पना दिली, तिच्यामुळे बाप वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून मुलासमोर फरशीवर बसला, तर त्या वीस मिनिटांना नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. मातीचं कौतुक करणाऱ्यांचंही अर्धं बरोबर आहे. मोकळी जागा, बरोबरीची दहा पोरं आणि मोठ्यांची सतत नसलेली नजर यांतून मुलं खूप शिकत. पण ते एक विसरतात. त्या मातीत खेळणाऱ्यांवर कुणाचं तरी लक्ष होतंच, आणि ती कुणी तरी बहुतेक वेळा थोरली बहीण असायची. तिचं शिक्षण त्या राखणीत किती बुडालं याचा हिशोब आठवणींच्या लेखांत येत नाही. या बहिणीकडे पुढे परत यावं लागेल.

आता एक साधं काम जवळून पाहू. हिवाळ्यात घरात दोन किलो मटार येतो. वर्तमानपत्र पसरून आजी किंवा बाबा सोलायला बसतात आणि साडेतीन वर्षांचं मूल येऊन शेजारी ठाण मांडतं. पहिली शेंग त्याला उघडतच नाही, ते तिला दोन्ही हातांनी पिळतं. मग कुणीतरी दाखवतं: आधी देठाचं टोक मोडायचं, मग शिवणीवर अंगठा दाबायचा. टक् आवाज होतो, शेंग उघडते, आत दाणे ओळीने बसलेले. काढताना दोन उडून फ्रिजखाली जातात. एक तोंडात जातो, तो गोड लागतो, म्हणून आणखी एक. या शेंगेत आठ, पुढच्या चपट्या शेंगेत दोनच, तेही मोहरीएवढे. “ह्याच्यात का नाहीत?” असा प्रश्न येतो, आणि उत्तर द्यायचं तर सोलणाऱ्याला फूल, दाणा भरणं, कोवळेपण यांबद्दल काहीतरी बोलावंच लागतं. तेवढ्यात एका शेंगेत हिरवी अळी निघते. मग पुढची दहा मिनिटं मटार कुणीच सोलत नाही. अळी कागदावर चालताना पाठ कशी वर करते, तिला पाय किती, ती आत शिरली कुठून, ते भोक कुठे आहे. दाणे पातेल्यात, सालं टोपलीत, किडके दाणे वेगळ्या वाटीत, हे सांगावं लागत नाही, बघून होतं. आणि दुपारी भातात ते दाणे दिसले की मूल घरभर सांगत सुटतं की हे मी सोललेत.

यात मोजणं आहे, वर्गवारी आहे, बोटांच्या बारीक स्नायूंचा व्यायाम आहे, निसर्गाचं निरीक्षण आहे. या चारही गोष्टी बाजारात वेगवेगळ्या डब्यांत मिळतात. मग मटारच का? कारण हे काम कुणीतरी मुलासाठी मांडलेलं नाही. मूल आलं नसतं तरी मटार सोलावाच लागला असता. मुलाला हा फरक कळतो. रंगीत तांदूळ एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतून झाल्यावर काय होतं? ते परत पहिल्या वाटीत जातात. मटार भातात जातो. ज्या कामाचा घराला उपयोग होतो त्यात मूल उपयोगी ठरतं, आणि आपण उपयोगी आहोत ही जाणीव त्या वयात शाबासकीपेक्षा फार खोल जाते. दुसरं कारण मोठ्या माणसाकडे बघितलं की कळतं. मांडलेल्या ॲक्टिव्हिटीत मोठ्याची नजर मुलावर असते: जमतंय का, रमतंय का, कंटाळलं का. मटार सोलताना दोघांची नजर शेंगेवर असते. परीक्षक आणि परीक्षार्थी हे नातंच तिथे उरत नाही, बोलणं शेंगेबद्दल होतं आणि म्हणूनच ते लांबतं.

मुलांना मदत करायची ओढ उपजत असते, हे तपासूनही पाहिलं गेलं आहे. २००६ मध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोन संशोधकांनी अठरा महिन्यांच्या मुलांसमोर साधे प्रसंग उभे केले. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते आणि हात पोचत नाही, किंवा दोन्ही हात भरलेले असल्यामुळे कपाटाचं दार उघडता येत नाही. कुणी मागितलं नाही, कौतुक केलं नाही, तरी बहुतेक मुलं उठून मदतीला गेली. दोन वर्षांनी त्याच दोघांनी आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवली. वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल बक्षीस दिलं, तर बक्षीस थांबल्यावर ती मुलं इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. फ्रिजवर तक्ता लावून “खेळणी उचलली की एक स्टार” देणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. जी गोष्ट मूल आपणहून करत होतं तिला आपण मोबदल्याचं काम करतो आणि मग सात वर्षांचं झाल्यावर ते पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही म्हणून तक्रार करतो. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या एका माया गावात अनेक दशकं काम करून हीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून मांडली. तिथे लहान मुलांसाठी वेगळे धडे फारसे नसतात. मुलं मोठ्यांच्या कामांच्या आसपास असतात, बघतात, आणि जमेल तसा हात घालतात. आपल्याकडे दोन वर्षांचं मूल झाडू ओढायला लागलं की पहिलं वाक्य काय येतं? “लुडबुड करू नकोस, जा खेळ जा.” हे वाक्य दिवसातून वीसदा ऐकलेलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत शिकून जातं की घरातलं काम त्याचं नाही. तोवर त्याला गुंतवून ठेवायचा प्रश्न खरोखरच बिकट झालेला असतो.

बालशिक्षणाच्या इतिहासात हा धडा पुन:पुन्हा दिसतो. फ्रोबेलने जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यात बागकाम होतं, गाणी होती, आणि लाकडी ठोकळ्यांचे संचही होते. अमेरिकेत पोचेपर्यंत ठोकळे विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या आणि बाग बऱ्याच ठिकाणी मागे पडली होती. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात आणि भिंतींवर धुडगूस घालणारी ती पोरं होती. माँटेसरींनी त्यांना काय दिलं? हात धुणं, केर काढणं, बटणं लावणं, जेवणाची टेबलं मांडणं, गरम सूप न सांडता वाढणं. साधनं होतीच, पण पाया या रोजच्या कामांचा होता. आज माँटेसरी म्हटलं की आपल्यासमोर येतो तो गुलाबी ठोकळ्यांचा महागडा मनोरा आणि त्याहून महागडी फी. खरं काम झाडून टाकायचं आणि त्याची लाकडी प्रतिकृती विकायची, असा हा व्यवहार आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘बेबी आइन्स्टाइन’ व्हिडिओंनी तर प्रतिकृतीचीही गरज ठेवली नाही. तान्ह्या मुलांना पडद्यासमोर बसवलं आणि त्याला शिक्षणाची झालर लावली. अखेर २००९ मध्ये ते विकणाऱ्या डिस्ने कंपनीला त्या डीव्हीडींचे पैसे परत देऊ करावे लागले.

याच्या उलट दिशेचा प्रयोग आपल्याच मातीत झाला आहे आणि त्याची आठवण या वादात कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं, पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शहरातली बालमंदिरं उत्तम चालत होती. तरी ताराबाईंना टोचणी लागली की हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतंच राहणार का? त्या १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. आयात साधनं परवडणारी नव्हती आणि गावाला परकीही होती. मग बिया, शंख-शिंपले, पानं, खडे, झाडाच्या शेंगा हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली; ती अंगणवाडी. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं इथपासून दिवस सुरू व्हायचा. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशभरातल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. मुलाला त्याच्या जगण्यातून उचलून आणून शिकवायचं की शिक्षण त्याच्या जगण्यात नेऊन मांडायचं, या प्रश्नाला ताराबाई-अनुताईंनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. उच्चभ्रू सोसायटीतल्या आईबापांसाठीही ते उत्तर तितकंच लागू आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला सगळ्यांच्या तोंडावर असतो: मूल मदतीला आलं की पंधरा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांचं होतं, वर पसारा. हे शंभर टक्के खरं आहे आणि यावर कुठलीही युक्ती नाही. सकाळी साडेसातची लोकल गाठायची असताना मुलाला कणीक मळायला देणं शक्य नाही, देऊही नये. पण दिवसातलं एक काम असं निवडता येतं ज्याला घाई नाही. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना दोन वर्षांचं मूल मोजे जोडीला लावू शकतं, आणि कुणाचा कुठला हे ओळखणं त्याला कोड्याइतकंच आवडतं. तीन वर्षांचं ताटं मांडू शकतं: माणसं किती, ताटं किती, आज काका जेवायला नाही तर एक कमी. चार वर्षांचं मेथी निवडू शकतं, लिंबू पिळू शकतं, कुंडीला पाणी घालू शकतं, बोथट सुरीने केळं कापू शकतं. पाच वर्षांच्या मुलाला दुकानात पन्नासची नोट देऊन “उरलेले मोजून घे” म्हणता येतं, आपण दोन पावलं मागे उभं राहून. गॅस, विळी, उकळतं तेल यांपासून दूर ठेवायलाच हवं. पण त्या भीतीने स्वयंपाकघरच बंद करून टाकायचं कारण नाही. आणि एक गोष्ट कुणी हिशोबात धरत नाही. रात्री अकराला उठून तांदूळ रंगवणं, ते पंख्याखाली वाळवणं आणि दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून वेचणं, यालाही चाळीस मिनिटं लागतातच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सहसा घेतलाच जात नाही. घरकामातून शिक्षण, कष्टातून शिक्षण, ही भाषा आपल्या देशात निष्पाप नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, ही कल्पना मांडली तेव्हा टीकाकारांनी विचारलं होतं की मुलांच्या सूतकताईवर शाळेचा खर्च भागवायचा हा बालमजुरीचाच प्रकार नव्हे काय. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी ऊर्फ राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. त्याचा अर्थ लोकांनी अचूक ओळखला: कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावं. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवलं, राजाजींना १९५४ मध्ये पायउतार व्हावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कामात गेल्या त्यांना “मुलाला कामात घ्या” असं सांगणं क्रूर वाटू शकतं. आणि घरकामाचं म्हणाल तर ते मुलींवर आधीच लादलेलं आहे. सहा वर्षांची मुलगी भांडी घासते तेव्हा तिला कुणी ॲक्टिव्हिटी म्हणत नाही.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी जे म्हणतोय त्याच्या मर्यादा स्पष्ट हव्यात. मुलाच्या कामावर घर चालता कामा नये. मूल उठून गेलं तर काम अडू नये, आणि उठून जायची मोकळीक त्याला असावी. ज्या कामात ही मोकळीक नाही ते काम त्या वयात मजुरीच होय, मग ते स्वतःच्या घरचं का असेना. शाळेचा एक मिनिटही त्यात जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते मुलग्याकडून सुरू व्हावं. तीन वर्षांच्या मुलग्याला बापाने शेजारी बसवून लसूण सोलायला दिला तर त्या घरात दोन शिक्षणं एकदम होतात. राजाजींची योजना मुलाला बापाच्या कामात अडकवत होती. इथे बापच आजवर आईचं मानलेल्या कामात उतरतो. आता त्या थोरल्या बहिणीकडे येऊ. बोर्डी-कोसबाडच्या कामात हाच पेच समोर आला होता: कडेवर धाकटं भावंड असलेली मुलगी शाळेत येणार कशी? ताराबाईंनी तिला दोष दिला नाही आणि तिच्या राखणीचे गोडवेही गायले नाहीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. कामातून शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या बाईंनीच मुलीला कामाच्या ओझ्यातून सोडवण्याची व्यवस्थाही केली. दोन्ही गोष्टी एकत्र जाऊ शकतात हे यापेक्षा स्पष्ट कसं दाखवायचं?

तिसरा आक्षेप शर्यतीचा. मटार सोलून मूल शहाणं होईल हो, पण शेजारच्याला पन्नासपर्यंत आकडे आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं लिहिता येतात, आपलं मागे पडलं तर? ही भीती पालकांनी कल्पनेतून काढलेली नाही. तिला शाळांनी खतपाणी घातलं आहे. १९९३ मध्येच, मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची छाननी करायला मनाई केली, पण कायद्याचा रोख सहा ते चौदा वयावर राहिला आणि बालवर्गांचा बाजार मोकळाच सुटला. पण लवकर लिहायला बसवल्याने मूल खरंच पुढे जातं का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांसाठी अर्ज केलेल्या गरीब घरांतल्या जवळपास तीन हजार मुलांचा मागोवा घेतला गेला; त्यांतल्या काहींना सोडतीने प्रवेश मिळाला, काहींना नाही. शाळेत जायच्या वेळेला प्रवेश मिळालेली मुलं अक्षर-आकड्यांत पुढे होती. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहावीपर्यंत ती चाचण्यांत प्रवेश न मिळालेल्या मुलांच्याही मागे पडली. याचा अर्थ बालवाडी वाईट असा मुळीच नाही. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ मध्ये सुरू झालेल्या पेरी या बालवाडी प्रकल्पातल्या मुलांना चाळिशीपर्यंत फायदा दिसला. तिथे मुलं काय करायचं हे स्वतः ठरवत, ते करत आणि मग त्याबद्दल बोलत. शिक्षक दर आठवड्याला घरी जात. म्हणजे वर्गात काय चालतं आणि त्याचा घराशी दुवा आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

एक गोष्ट मात्र घरकामातून आपोआप मिळत नाही, आणि ती म्हणजे पुस्तक. मोठ्याने वाचून दाखवलेली गोष्ट, चित्रावर बोट ठेवून थांबणं, तेच पान चौथ्यांदा उघडणं, याला पर्याय नाही. ते वेगळं, ठरवून, रोज करावं लागतं. ज्या घरात वाचणारं कुणी नाही त्या घरातल्या मुलाला ते अंगणवाडीत मिळायला हवं. पण बोलण्याच्या बाबतीत गरीब घरं कमी पडतात असं जे सरसकट म्हटलं जातं ते तपासून घ्यावं. कॅन्ससमधल्या ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून १९९५ मध्ये तीन कोटी शब्दांच्या दरीचा सिद्धान्त जगभर गाजला: गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तेवढे शब्द कमी पडतात. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी आईशिवाय इतरांचं आणि मुलाच्या आजूबाजूला चाललेलं बोलणंही मोजलं, तेव्हा ती दरी तशी दिसली नाही. चाळीच्या गॅलरीत पापड लाटणाऱ्या चौघींच्या मध्ये बसलेल्या मुलाच्या कानावर जेवढी मराठी पडते तेवढी कुठल्या फ्लॅशकार्डावर मावेल?

शेवटी प्रश्न वेळेवरच येतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे. जे लावतच नाहीत ते तीत धरलेलेही नाहीत. मुलाला कामात घ्या असं या बाईला सांगणं म्हणजे तिच्या २८९ मिनिटांची चारशे करणं. म्हणून माझं आवाहन बापांना आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाला खेळवणं हे प्रेमाचं काम आहे यात शंका नाही, पण मुलाला घेऊन कणीक मळलीत, भाजी चिरलीत, ओटा पुसलात तर मुलाला वेळ मिळतो आणि बायकोलाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा आहे, खाजगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. आपल्या कचेरीत ते आहे का, हे किती जणांनी विचारलं? राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथल्या ताईंवर पोषण आहार, लसीकरण, वजनं आणि मोबाईलवर भरायची माहिती यांचा इतका भार आहे की मुलांबरोबर मांडी घालून बसायला त्यांना उसंत मिळत नाही. अनुताईंच्या नावाने कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी त्या ताईच्या डोक्यावरची कागदपत्रं कमी करावीत आणि तिचं मानधन वाढवावं.

नर्सरीचे प्रवेश सुरू झाले की आईबाप शाळेत जाऊन विचारतात: एसी आहे का, इंग्रजीत बोलतात का, वर्षअखेरीला मुलाला काय काय लिहिता येईल. यंदा वेगळे प्रश्न विचारून बघा. डब्याच्या वेळी सतरंजी कोण अंथरतं, ताई की मुलं? मधल्या सुट्टीनंतर वर्ग कोण झाडतं? मुलगे झाडतात का? आवारात मुलांनी लावलेलं एखादं झाड आहे का, आणि त्याला सुट्टीत पाणी कोण घालतं? गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलाला घेता येतात? आणि पाणी सांडलं तर पुसायचं फडकं कुठे असतं: मुलाच्या हाताला लागेल असं, की मावशींच्या खोलीत?